खाऱ्या पाण्याच्या घरगुती टाकीतील शेवाळ आटोक्यात कसे ठेवावे

खाऱ्या पाण्याची टाकी सुरू होऊन दोन-तीन महिने झाले, की खडकांवर हिरवे केस, वाळूवर तांबडी साय किंवा काचेवर तपकिरी भुकटी दिसू लागते, आणि पुष्कळ जण घाबरून दुकानातून शेवाळ मारणारी बाटली घेऊन येतात. त्या औषधाने शेवाळ काही दिवस मरते, मेलेले शेवाळ टाकीतच कुजते, त्यातली पोषक द्रव्ये पुन्हा पाण्यात उतरतात आणि त्यांच्यावर नवे शेवाळ पोसले जाते. म्हणून येथे सुचवलेला क्रम निराळा आहे. आधी शेवाळाची जात ओळखावी, ते हाताने शक्य तितके बाहेर काढावे, मग ते खाणारे प्राणी टाकीत आणावेत, त्याच वेळी पाणी आणि खाद्य यांचा हिशेब नीट बसवावा, आणि रासायनिक उपाय अगदी शेवटी, तोही ठरावीक जातींपुरताच, विचारात घ्यावा. उदाहरणासाठी मी सर्वत्र २०० लिटरची टाकी धरली आहे. क्लाउनफिशची जोडी, आणखी दोन-तीन लहान मासे, वीस-पंचवीस किलो सच्छिद्र कॅल्शियमयुक्त खडक आणि थोडी मऊ प्रवाळे एवढा तिचा संसार आहे. आपली टाकी याहून लहान किंवा मोठी असल्यास आकडे त्या प्रमाणात बदलून घ्यावेत.

शेवाळ माजते कशामुळे

नायट्रेट आणि फॉस्फेट वाढले की शेवाळ वाढते, हे आपण सर्वांनी ऐकलेले असते. ते बरोबर असले, तरी तेवढ्याने उलगडा होत नाही, कारण सारखेच नायट्रेट असलेल्या दोन टाक्यांपैकी एक स्वच्छ आणि दुसरी केसाळ असल्याचे नेहमी दिसते. या फरकाचे कारण समजून घ्यायला कॅरिबियन समुद्रातील एक घटना उपयोगी पडते. जानेवारी १९८३ मध्ये पनामाजवळ डायडेमा जातीचे, शेवाळ खाणारे, लांब काट्यांचे काळे सी-अर्चिन हे समुद्री प्राणी मरू लागले, आणि सुमारे वर्षभरात ती साथ जवळजवळ संपूर्ण कॅरिबियन समुद्रात पसरून नव्वद टक्क्यांहून अधिक अर्चिन नाहीसे झाले. जमैकाच्या किनाऱ्यावर शेवाळ खाणारे पोपटमासे आणि सर्जनमासे अतिमासेमारीमुळे आधीच विरळ झाले होते आणि १९८०च्या ॲलन चक्रीवादळाने प्रवाळांची मोठी मोडतोड केली होती. चरणारा शेवटचा मोठा गटही गेल्यावर तेथील जिवंत प्रवाळांचे आच्छादन १९७७ मधील सुमारे ५२ टक्क्यांवरून १९९३ पर्यंत सुमारे ३ टक्क्यांवर आले, आणि शेवाळाचे आच्छादन ४ टक्क्यांवरून ९२ टक्क्यांवर गेले. पाण्यातील पोषक द्रव्यांचा त्यात किती वाटा होता, यावर अभ्यासकांत बराच वाद झाला. खाणारे प्राणी गेल्याने शेवाळाला मोकळे रान मिळाले, हे मात्र बहुतेकांनी मान्य केले.

घरच्या नव्या टाकीची अवस्था जमैकाच्या त्या किनाऱ्यासारखीच असते. दिवे पहिल्या दिवसापासून पूर्ण लागतात, माशांना खाद्य पहिल्या आठवड्यापासून मिळते, मोकळा खडक भरपूर असतो, आणि चरणारे मात्र कोणीच नसते. म्हणून माझे आग्रहाचे सांगणे असे, की पोषक द्रव्ये शून्यावर नेण्याच्या मागे लागू नये. ती माफक ठेवावीत, आणि शेवाळ वाढेल त्याहून अधिक वेगाने ते खाल्ले किंवा काढले जाईल, अशी व्यवस्था करावी. नायट्रेट लिटरमागे ५ ते १० मिलिग्रॅम आणि फॉस्फेट ०.०३ ते ०.१ मिलिग्रॅम या पट्ट्यात राहिले, तर प्रवाळे उपाशी राहत नाहीत आणि शेवाळही आवाक्यात राहते.

आधी ओळख

टाकीत दिसणारे सगळेच ‘शेवाळ’ एका जातीचे नसते, आणि त्यातले काही तर शास्त्रीय अर्थाने शेवाळही नसते. एका जातीवर लागू पडणारा उपाय दुसरीला पोसतो, त्यामुळे या टप्प्यावर घाई करू नये.

नव्या टाकीच्या पहिल्या काही आठवड्यांत काच, वाळू आणि खडक यांवर बसणारी तपकिरी भुकटी बहुधा डायाटम या एकपेशीय शेवाळाची असते. डायाटमच्या पेशीभित्ती सिलिकाच्या असतात आणि पाण्यातला सिलिकेटचा साठा संपला की ते आपोआप ओसरतात. बोटाने पुसले तर ते धुळीसारखे निघते. त्यासाठी काच पुसण्यापलीकडे काहीही करू नये. महिने उलटूनही ते टिकून राहिले, तर भरायच्या पाण्यातून सिलिकेट येत आहे असे समजावे.

वाळूवर जांभळट-तांबडी, गुळगुळीत साय धरली असेल, ती चिमटीत धरताच चादरीसारखी उचलली जात असेल आणि दुपारी तिच्यावर प्राणवायूचे बुडबुडे चमकत असतील, तर ते सायनोबॅक्टेरिया, म्हणजे प्रकाशावर जगणारे जीवाणू आहेत. सायनो बहुतेक वेळा प्रवाह मंद असलेल्या आणि गाळ साचलेल्या जागी दिसतो.

हिरवे, मऊ, केसांसारखे तंतू डर्बेसिया वगैरे जातींचे असतात. त्यांच्यातच मिसळून ब्रायोप्सिस येते आणि तिला वेगळे ओळखणे गरजेचे आहे. एक तंतू पाण्यात धरून भिंगातून पाहावा. मधल्या दांड्याच्या दोन्ही बाजूंना पिसासारखे बारीक फाटे असतील, तर ती ब्रायोप्सिस. डर्बेसिया गोगलगायी खातात, ब्रायोप्सिसला बहुतेक प्राणी तोंड लावत नाहीत. हिरव्या काचमण्यांसारखे चकचकीत फुगे दिसले तर ती व्हलोनिया. तिचा एकेक फुगा म्हणजे एकच महाकाय पेशी असते.

खडकावरचा गुलाबी-जांभळा, दगडासारखा कडक थर मात्र कोरलाइन शेवाळाचा असतो आणि तो हवाच. त्याने व्यापलेल्या जागेवर केसाळ शेवाळाला सहज पाय रोवता येत नाहीत, तेव्हा समोरच्या काचेवरून तो खरवडला तरी खडकावरून कधीही काढू नये.

सर्वांत फसवी ओळख डायनोफ्लॅजेलेटची. शेंबडासारखे तपकिरी लोंबते धागे, त्यांच्या टोकांना अडकलेले बुडबुडे, रात्री बरेचसे नाहीसे होणे आणि सकाळी दिवे लागल्यावर तासा-दोन तासांत परत येणे ही त्यांची लक्षणे डायाटम आणि सायनोशी सहज गल्लत करायला लावतात. यावर घरी करता येण्याजोगी एक चाचणी आहे. मोठ्या सिरिंजने तो चिकट पदार्थ थोड्या पाण्यासकट ओढून झाकणाच्या पारदर्शक बाटलीत घ्यावा आणि धागे पूर्ण विरघळल्यासारखे दिसेपर्यंत जोराने हलवावे. मग ते पाणी टिश्यू कागदातून किंवा घट्ट विणीच्या रुमालातून स्वच्छ ग्लासात गाळून ग्लास टाकीच्या दिव्याखाली ठेवावा. डायनोफ्लॅजेलेट एकपेशीय आणि पोहणारे असल्याने ते कापडातून पार होतात आणि साधारण तासाभरात पुन्हा एकमेकांना चिकटून तपकिरी धागे आणि गुठळ्या तयार करतात. डायाटम किंवा सायनो असेल तर असा गोळा पुन्हा बांधला जात नाही. शाळेत वापरतात तसा साधा सूक्ष्मदर्शक मिळाला तर अधिक चांगले. त्याखाली थेंबाच्या आकाराच्या, एका टोकाभोवती डोलणाऱ्या पेशी दिसल्या, तर ती ऑस्ट्रिऑप्सिस ही विषारी जात असण्याचा संभव मोठा आहे. टाकीतल्या गोगलगायी एकामागून एक मरू लागणे, हेही तिचे लक्षण असते.

चाचणीतले शून्य

खडकांवर बोटभर लांब शेवाळ असताना चाचणीत नायट्रेट आणि फॉस्फेट शून्य येतात आणि मालक बुचकळ्यात पडतो. चाचणी पाण्यात उरलेली द्रव्ये मोजते, शेवाळाने आधीच शोषून घेतलेली मोजत नाही. अशा शून्याचा अर्थ ‘पोषक द्रव्ये येत नाहीत’ असा घेऊ नये. येणारी सगळी शेवाळ गिळत आहे, एवढाच त्याचा अर्थ.

फॉस्फेटसाठी रंग डोळ्यांनी ताडून पाहण्याचे स्वस्त संच या पातळीवर फारसे कामाचे नाहीत, कारण ०.०३ आणि ०.१ यांच्या निळसर छटांतला फरक डोळ्यांना कळत नाही. परवडत असेल तर हॅना कंपनीचा अंकीय कलरीमीटर, म्हणजे रंगाची छटा मोजणारे यंत्र, घ्यावा. त्याचे ‘अल्ट्रा लो रेंज फॉस्फरस’ मॉडेल फॉस्फरस अब्जांश भागांत दाखवते, तेव्हा आलेल्या आकड्याला ३.०६६ ने गुणून १००० ने भागावे. यंत्राने १० दाखवले तर फॉस्फेट साधारण ०.०३ झाले. एका दिवसाच्या आकड्यावरून निर्णय घेऊ नये. दर आठवड्याला ठरलेल्या वारी, ठरलेल्या वेळी, खाद्य देण्यापूर्वी चाचणी करून आकडे वहीत लिहून ठेवावेत आणि आकडा कोणत्या दिशेने सरकतो आहे ते पाहावे.

भरायचे पाणी

आपल्याकडे शेवाळाचा उगम शोधताना मी सर्वांत आधी रोज भरल्या जाणाऱ्या गोड्या पाण्याची चौकशी करतो. टाकीतून बाष्प होऊन उडते ते केवळ पाणी, त्यातले सगळे क्षार आणि पोषक द्रव्ये मागेच राहतात. २०० लिटरच्या उघड्या टाकीतून उन्हाळ्यात, पंखा चालू असताना, दिवसाला ३ लिटर पाणी सहज उडते. त्या जागी लिटरमागे ३० मिलिग्रॅम नायट्रेट असलेले बोअरचे पाणी भरले, तर महिन्याकाठी २७०० मिलिग्रॅम नायट्रेट टाकीत जमा होते, म्हणजे लिटरमागे साडेतेरा मिलिग्रॅमची भर, तीही माशांना एक दाणा न घालता. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात नायट्रेटची मर्यादा लिटरमागे ४५ मिलिग्रॅम आहे. म्हणजे माणसाला निर्धोक असलेले पाणी टाकीला शेवाळ आणू शकते.

स्वयंपाकघरातल्या आरओचे पाणी चालेल का, हा प्रश्न हमखास विचारला जातो. बहुतेक घरगुती यंत्रांत चवीसाठी टीडीएस (पाण्यात विरघळलेल्या क्षारांचे प्रमाण) कंट्रोलर किंवा मिनरल कार्ट्रिज बसवलेले असते, आणि टीडीएस कंट्रोलर थोडे न गाळलेले पाणी गाळलेल्या पाण्यात मिसळतो. त्यामुळे अशा यंत्राच्या नळाला येणारे पाणी टाकीला योग्य नसते. मेम्ब्रेनमधून थेट बाहेर पडणारे पाणी वेगळे काढून, त्यापुढे डीआय रेझिनचे, म्हणजे उरलेले क्षार धरून ठेवणाऱ्या दाण्यांचे, नळकांडे जोडावे आणि टीडीएस मीटर शून्य दाखवतो याची खात्री करावी. रेझिन संपत आले, की सिलिकेट सर्वांत आधी निसटू लागते, आणि तेव्हा मीटर अजून शून्यच दाखवत असतो. म्हणून रंग बदलणारे रेझिन घ्यावे आणि ते तीन चतुर्थांश बदलले की नवीन भरावे, आकडा चढण्याची वाट पाहू नये. मुंबईचे तलावांचे नळपाणी मुळात कमी क्षारांचे असल्याने तेथे रेझिन पुष्कळ टिकते. बोअर किंवा टँकरच्या पाण्यावर चालणाऱ्या घरांत ते लवकर संपते. पावसाळ्यात नळाला गढूळ पाणी आले, की सुरुवातीचा गाळफिल्टर आधी बदलावा.

किनाऱ्यावर राहणाऱ्यांना समुद्राचे पाणी फुकट मिळते, पण मुंबईसारख्या शहराच्या काठचे पाणी सांडपाण्यामुळे पोषक द्रव्यांनी भरलेले असते आणि पावसाळ्यात त्याची क्षारताही घसरते. ते टाकीत आणू नये.

खाद्य

कोरड्या मत्स्यखाद्यात साधारण एक टक्का फॉस्फरस असतो. एक ग्रॅम खाद्यातून १० मिलिग्रॅम फॉस्फरस, म्हणजे सुमारे ३० मिलिग्रॅम फॉस्फेट टाकीत येते, आणि ते कोणी शोषून घेतले नाही तर २०० लिटर पाण्यात फॉस्फेटची पातळी एकाच दिवसात ०.१५ ने वर जाते. यावरून दोन गोष्टी कळतात. चिमूटभर जास्त खाद्याची किंमत मोठी असते, आणि खाद्य कितीही कमी केले तरी पोषक द्रव्ये बाहेर नेण्याची सोय असल्याशिवाय भागत नाही. माशांची उपासमार करून शेवाळ हटवण्याचा प्रयत्न मला मुळीच पटत नाही. दिवसातून दोनदा, दोन मिनिटांत संपेल इतके द्यावे, आणि खाली पडलेले तुकडे लगेच सायफनने, म्हणजे पाणी ओढून घेणाऱ्या नळीने, काढावेत.

बाजारातली कोळंबी बारीक चिरून घालणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावे. पाकिटबंद गोठवलेल्या कोळंबीत वजन आणि रसाळपणा टिकवण्यासाठी पुष्कळदा फॉस्फेटचे क्षार वापरलेले असतात, तेव्हा कोळणीकडची ताजी कोळंबी सोलून, धुऊन, लहान वाटण्या करून घरी गोठवलेली बरी. गोठवलेले खाद्य वितळवून त्याचे पाणी ओतून द्यावे, पण एवढ्याने फॉस्फेटचा प्रश्न सुटेल असे मानू नये, कारण बहुतांश फॉस्फेट खाद्याच्या अंगातच असते.

हाताने सफाई

हे काम कंटाळवाणे आहे, आणि तरीही याच्याइतका परिणाम दुसऱ्या कशाचाही होत नाही, कारण शेवाळाने शोषलेली सगळी द्रव्ये त्याच्याबरोबर एकदम टाकीबाहेर जातात. पाणी बदलण्याच्या दिवशीच हे काम करावे. काढलेले दहा-पंधरा लिटर खारे पाणी बादलीत घ्यावे, सर्वाधिक केसाळ खडक त्यात ठेवावा आणि हातमोजे घालून शेवाळ आधी मुळापासून चिमटीने ओढावे, मग कडक दातांच्या ब्रशने भेगा घासाव्यात. पाणी हिरवे-तपकिरी होते आणि खडकात दडलेला गाळ ढगासारखा बाहेर पडतो. तो गाळ पाहिला म्हणजे शेवाळ त्याच खडकावर का माजले होते ते कळते. दुसऱ्या बादलीतल्या स्वच्छ खाऱ्या पाण्यात खडक दोनदा हलवून परत ठेवावा. एका वेळी एक-दोनच खडक काढावेत, म्हणजे त्यांच्यातल्या उपयुक्त जीवाणूंना धक्का बसत नाही. जे खडक काढता येत नाहीत, त्यांवर एअरलाइनच्या नळीने सायफन चालू ठेवून तिच्या तोंडाशीच शेवाळ उपटावे. एकही तंतू पाण्यात सुटू देऊ नये, तुटका तुकडा जिथे अडकेल तिथे रुजतो.

येथे सावधगिरीची एक सूचना आहे आणि ती गांभीर्याने घ्यावी. खडकावर झोअँथस किंवा पॅलिथोआ जातीची प्रवाळे असतील, तर त्यांच्यात पॅलिटॉक्सिन हे अत्यंत तीव्र विष असू शकते. असा खडक घासताना हातमोजे आणि चष्मा वापरावा, प्रवाळांना ब्रश लावू नये, आणि खडक कधीही उकळू नये किंवा गरम पाण्यात बुडवू नये. उकळताना उठणाऱ्या वाफेने घरातली माणसे रुग्णालयात दाखल झाल्याची उदाहरणे आहेत. सायफन तोंडाने ओढण्याची सवयही सोडून द्यावी.

व्हलोनियाचे फुगे टाकीत फोडू नयेत. खडक बाहेर काढून, बोथट टोकाने फुगा बुडापासून उचकटून काढावा.

चरणारे प्राणी

शेवाळ लांब असताना गोगलगायी आणून सोडल्या आणि त्यांनी काहीच केले नाही, अशी तक्रार वारंवार ऐकू येते. बहुतेक गोगलगायी कोवळे, आखूड शेवाळ आणि त्याची पातळ साय खातात, बोटभर लांब जटा त्यांना खाता येत नाहीत. हाताने सफाई झाल्याच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी त्यांना आणले, तर नव्याने फुटणारे प्रत्येक पाते त्या लगेच कुरतडतात.

ट्रोकस जातीच्या गोगलगायी मला सर्वांत भरवशाच्या वाटतात, कारण वाळूवर उलट्या पडल्या तरी त्या स्वतः सरळ होतात. ॲस्ट्रिया गोगलगायीला बहुधा ते जमत नाही आणि ती तिथेच मरून पाणी बिघडवते. २०० लिटरच्या टाकीत आठ-दहा ट्रोकस किंवा टर्बो, वाळूसाठी चार-पाच सेरिथ गोगलगायी, आणि वाटल्यास एक लहान टक्सिडो सी-अर्चिन एवढे पुरे. अर्चिन थोडे कोरलाइनही खरवडतो, पण त्या बदल्यात तो जे काम करतो ते मोठे आहे. शंखात राहणारे हर्मिट खेकडे उपयोगी असले, तरी मोकळे रिकामे शंख ठेवले नाहीत तर ते शंखासाठी गोगलगायींना मारतात. व्हलोनियासाठी एमराल्ड खेकडा ठेवता येतो.

दुकानातल्या पाण्याची क्षारता पुष्कळदा कमी ठेवलेली असते, घनता १.०२० च्या आसपास, आणि आपली टाकी १.०२५ वर असते. गोगलगायींना हा फरक एकदम सोसत नाही. पिशवीतले पाणी भांड्यात घेऊन, नळीला गाठ मारून, तास-दीड तास थेंबथेंब टाकीचे पाणी सोडावे आणि मगच त्यांना टाकीत ठेवावे. पूर्वी त्याच टाकीत माशांच्या रोगावर तांब्याचे औषध घातले असेल, तर अपृष्ठवंशी प्राणी आणण्यापूर्वी तांब्याची चाचणी करावी, कारण खडक आणि वाळू तांबे धरून ठेवतात.

माशांपैकी सालारियास, म्हणजे ‘लॉनमोअर ब्लेनी’, २०० लिटरमध्ये राहू शकतो. शेवाळ संपल्यावर तो कोरडे खाद्य स्वीकारत नसेल तर खंगत जातो, तेव्हा त्याला नोरीचा, म्हणजे वाळवलेल्या खाद्य समुद्रशेवाळाचा, तुकडा क्लिपला लावून द्यावा. टँग, म्हणजे सर्जनमासे, शेवाळ उत्तम खातात, पण त्यांना पोहायला लांब टाकी लागते. एवढ्या टाकीत टँग ठेवणे हा त्या माशावर अन्याय आहे. समुद्रकाकड्या आणि खडक बांधणारी प्रवाळे यांना आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे. त्यामुळे वाळू साफ करायला समुद्रकाकडी किंवा किनाऱ्यावरून उचललेला प्रवाळखडक कोणी देऊ केला, तर घेऊ नये.

प्रकाश, प्रवाह आणि निचरा

दिवे आठ-नऊ तासांपेक्षा अधिक ठेवू नयेत. आपल्याकडच्या एलईडी दिव्यांत पांढरा, लाल आणि हिरवा रंग वेगळा कमी करता येत असेल तर तो कमी करून निळा ठेवावा. प्रवाळांचे त्यावर भागते. खिडकीतून येणारे थेट ऊन टाकीवर पडत असेल तर पडदा लावावा.

प्रवाह टाकीच्या आकारमानाच्या ताशी वीस ते चाळीस पट असावा, म्हणजे २०० लिटरसाठी ताशी ४००० ते ८००० लिटर. खडक भिंतीला टेकवून रचलेले असतील तर त्यांच्या मागे गाळ साचतो. लांब ड्रॉपरने आठवड्यातून दोनदा त्या जागांवर पाण्याचा झोत मारला, की गाळ वर येऊन फिल्टरमध्ये जातो. फिल्टर सॉक, म्हणजे पाणी गाळणारी कापडी पिशवी, मात्र दोन-तीन दिवसांनी बदललाच पाहिजे, अडकलेला कचरा त्यातच कुजला तर सॉकचा उपयोग उलटा होतो. स्किमरच्या, म्हणजे फेसाबरोबर घाण बाहेर काढणाऱ्या यंत्राच्या, गळ्यावर चिकट थर धरला, की फेस वर चढत नाही, म्हणून तो गळाही त्याच वेळी पुसावा. वीज जाण्याचा त्रास असेल तर बॅटरीवरचा एअरपंप जवळ ठेवावा.

पाणी बदलण्याच्या मर्यादा ओळखाव्यात. १० टक्के पाणी बदलल्याने नायट्रेट ४० वरून ३६ होते, एवढेच. त्यापेक्षा सम्पमध्ये, म्हणजे मुख्य टाकीला जोडलेल्या दुय्यम टाकीत, कीटोमॉर्फा हे तंतुमय हिरवे शेवाळ वेगळ्या दिव्याखाली वाढवणे अधिक फलदायी. स्मिथसोनियन संस्थेतील वॉल्टर एडी यांनी १९८० च्या सुमारास विकसित केलेला ‘अल्गल टर्फ स्क्रबर’ याच तत्त्वावर चालतो. जे शेवाळ टाकीत नको आहे, ते आपण नेमलेल्या जागी वाढवून कापून काढायचे. त्याचा दिवा रात्री लावला, तर रात्री होणारी पीएचची घसरणही कमी होते. महिन्यातून एक-दोनदा अर्धा गोळा कापून बाहेर काढला नाही, तर या सगळ्याचा काहीच उपयोग होत नाही.

फॉस्फेट शोषणारे दाणेदार फेरिक ऑक्साइड वापरायचे असेल तर पाकिटावरच्या मात्रेच्या पाव भागाने सुरुवात करावी. फॉस्फेट झटक्यात खाली आले, तर प्रवाळांच्या ऊती झडतात. शिवाय कॅल्शियमच्या खडकांत फॉस्फेट मुरलेले असते आणि पाण्यातले कमी झाले की ते हळूहळू बाहेर येते. आठवडाभरात आकडा पुन्हा वर गेला, तर ते दाणे वाया गेले असे समजू नये. खडक रिकामे व्हायला काही महिने लागतात.

दोन वेगळ्या वाटा

सायनोवर उपाय करताना दर दोन दिवसांनी साय सायफनने उचलावी, त्या जागेचा प्रवाह वाढवावा आणि वाळूच्या वरच्या थरातला गाळ काढावा. एवढ्याने भागले नाही तर तीन दिवस टाकी पूर्ण अंधारात ठेवावी, त्या काळात एअरपंप चालू ठेवावा आणि नंतर मोठे पाणी बदलावे. प्रतिजैविके घालू नयेत. सायनो जीवाणू असल्याने ती लागू पडतात खरी, पण अमोनिया पचवणारे उपयुक्त जीवाणूही त्यांनी मरू शकतात, आणि घरच्या टाकीपायी प्रतिजैविके सांडपाण्यात सोडणे मला योग्य वाटत नाही.

डायनोफ्लॅजेलेटची गोष्ट पूर्ण उलट आहे. ते बहुधा नायट्रेट-फॉस्फेट शून्यावर गेलेल्या, अतिस्वच्छ टाकीत बोकाळतात, कारण त्यांच्याशी जागेसाठी झगडणारे जीव तिथे उपाशी मरतात. येथे फेरिक ऑक्साइड काढून टाकावे, पाणी बदलणे थांबवावे, खाद्य वाढवावे आणि नायट्रेट ५ ते १० व फॉस्फेट ०.१ पर्यंत चढवून तिथे टिकवावे. ऑस्ट्रिऑप्सिससारख्या जाती रात्री पाण्यात तरंगतात, त्यांना यूव्ही दिवा उपयोगी पडतो. वाळूतच राहणाऱ्या ॲम्फिडिनियमवर त्याचा फारसा परिणाम होत नाही. सूक्ष्मदर्शकाचा खर्च येथे वसूल होतो.

औषध कधी

केसाळ शेवाळाचा हट्टी गुच्छ एखाद्याच खडकावर असेल, तर औषधाच्या दुकानात मिळणारे ६ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड तितक्याच आरओ पाण्यात मिसळून ३ टक्के करावे, खडक टाकीबाहेर काढून केवळ शेवाळावर ब्रशने लावावे, तीन-चार मिनिटांनी खाऱ्या पाण्यात धुवावे आणि परत ठेवावे. शेवाळ दोन-तीन दिवसांत पांढरे पडते. टाकीतच पेरॉक्साइड ओतण्याचा सल्ला मी देत नाही, विशेषतः क्लीनर कोळंबी असेल तर.

ब्रायोप्सिसवर फ्लुकोनाझोल या बुरशीनाशकाचा गुण येतो. मत्स्यपालकांत रूढ असलेली मात्रा लिटरमागे सुमारे ५ मिलिग्रॅम आहे आणि ती साधारण दोन आठवडे पाण्यात राहू देतात. ते डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळणारे औषध आहे, तेव्हा ब्रायोप्सिस असल्याची भिंगाने खात्री झाल्याशिवाय आणि हाताने शक्य तेवढी काढून झाल्याशिवाय त्याकडे वळू नये. मरणारे शेवाळ कुजताना प्राणवायू खाते, म्हणून पाण्यात हवा खेळती ठेवावी, आणि मुदत संपल्यावर सक्रिय कार्बन लावून औषध पाण्यातून काढून टाकावे.

या सगळ्याला किती वेळ द्यावा, याची कल्पना आधीच असलेली बरी. नव्या टाकीत डायाटम, मग हिरवी साय, मग केस आणि मग कोरलाइन, हा क्रम सहा महिन्यांपर्यंत चालतो. वरील उपाय सुरू केल्यावर पहिले दोन आठवडे फारसा फरक दिसत नाही. चौथ्या ते आठव्या आठवड्यात घासलेले खडक घासलेलेच राहू लागतात. या काळात एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि वहीत लिहावी, नाहीतर कशाने गुण आला ते कधीच कळत नाही.

काढलेल्या शेवाळाची विल्हेवाटही विचारपूर्वक लावावी. मोनॅकोच्या सागरी संग्रहालयासमोर १९८४ मध्ये सापडलेला कॉलर्पा टॅक्सिफोलियाचा चौरस मीटरभर तुकडा पुढे भूमध्य समुद्रात हजारो हेक्टरांवर पसरला. तीच वनस्पती २००० मध्ये कॅलिफोर्नियाच्या खाजणात सापडली, तेव्हा ताडपत्रीखाली क्लोरीन सोडून ती नष्ट करायला सहा वर्षे लागली. टाकीतले शेवाळ, सम्पमधला कापलेला कीटोमॉर्फा आणि खडक घासलेले पाणी समुद्रात, खाडीत किंवा पावसाळी गटारात जाऊ देऊ नये. शेवाळ फडक्यावर पसरून उन्हात कडकडीत वाळवावे आणि पालिकेच्या कचऱ्यात द्यावे. घासलेले पाणी घरातल्या शौचालयात ओतावे, झाडांना घालू नये.